पाहुण्याचा पहिला मासा

नवं गावठाण, भिगवणजवळ
८ नोव्हेंबर १९९४

चि. महिपतीला साखरबाईचा आशीर्वाद. पत्राच्या वर आशीर्वाद लिवायचा असतो म्हणून लिवला, त्यातनं दुसरा अर्थ काढू नको.

परवा रविवारी तू तुझ्या चुलत्याला, सणसरच्या आबाजीरावांना घेऊन आमच्या प्रतिक्षाला बघायला आलास. पोहे दोनदा घेतलेस. खाणाऱ्याचं मला काय न्हाय. पण कोपऱ्यात माझी गळाची काठी दिसली आन् तुझी जीभ सुटली. "आजी, गळ टाकणं म्हंजे माझा जीव की प्राण. शिर्सुफळच्या तळ्यावर दर रविवारी असतो." मी इचारलं, मरळीला गळाला काय लावतोस? तू म्हणालास, "घरात असंल ते." मरळ काय पाहुणी हाय व्हय रं, घरात असंल ते गोड मानून घ्यायला?

आमच्या घरची सगळी तयार हाईत. माझा ल्योक दादासो म्हणतो, पोरगा बारामतीत डेअरीत हाय, तंबाखूसुदिक खात न्हाय. सून म्हणती, दिसायला बरा हाय. प्रतिक्षा काय बोलली न्हाय, पण तुझ्या पोह्यात तिनं मूठभर शेंगदाणं जास्ती टाकलं व्हतं. मला डोळं हाईत.

राहिले मी. आन् ह्या घरात मी राहिले म्हंजी समदं राहिलं.

तर माझं म्हणणं असं. पौषात कुणी सोयरीक पक्की करत न्हाय, पण मासं धरायला पौष चालतो. आठ जानेवारीला रविवार हाय. सकाळी आठला आमच्या धरणाच्या पाण्यावर यायचं आन् दुपारी एकच्या आत एक मासा धरायचा, स्वतःच्या हातानं, माझ्या डोळ्यादेखत. तीन बोटं रुंद चिलापी निघाली तरी चालंल. मासा निघाला तर माघात सुपारी फोडू. न्हाय निघाला तर आमच्या दारात सुपारी फुटणार न्हाय. चुलत्याला दुसरं घर बघायला सांग.

दोन महिने हाईत. शिकवीन मी, पत्रानं. साक्षरतेच्या वर्गात चार महिने बसून लिवायला शिकले. शिकवणारी बाई सारखी म्हणायची, कुणाला तरी पत्र लिवा. लिवण्याजोगं माणूस मिळत नव्हतं. तू गावलास.

आधी सामान घे. वेळूची सरळ काठी, दोन पुरुष उंचीची. बारीक तंगूस, म्हंजी नायलॉनचा दोरा. गळ. तरंगायला मोराच्या पिसाची दांडी बांध, ती बुडाली की मासा लागला असं समजायचं. आन् मग तळ्यावर जाऊन काय झालं ते खरं खरं लिव.

साखरबाई

*

बारामती
१५ नोव्हेंबर १९९४

तीर्थरूप आजींना महिपतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र पोचले. वाचून आनंद झाला असे लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

प्रथम कबुली. मी दर रविवारी शिर्सुफळला असतो हे खरे, पण तिथे माझा मित्र राहतो म्हणून. तळे त्याच्या घरामागे आहे. आपली काठी पाहून तोंडातून शब्द निघून गेले. डेअरीत मी दुधाचे फॅट काढतो. दुधात पाणी किती हे मला बरोबर समजते. पाण्यात मासा आहे की नाही, हे मात्र समजत नाही.

सामान घेतले. दुकानदार म्हणाला, मोठा गळ घ्या, मोठा मासा लागेल. करंगळीएवढा घेतला. रविवारी तळ्यावर गेलो आणि काठी मागे नेऊन जोराने फेकली. गळ पाण्यात पडलाच नाही. मागे म्हैस चरत होती, तिच्या शेपटीत अडकला. म्हैस पाण्यात उतरली. आपण काठी सोडू नये असे लिहिले नव्हते, पण सोडावी असेही लिहिले नव्हते, म्हणून मी सोडली नाही. कमरेपर्यंत गेलो. म्हशीचा मालक चांगला माणूस निघाला, त्याने आम्हां दोघांना बाहेर काढले, आधी म्हशीला.

गळाला काय लावावे आणि किती वेळ बसावे, कृपया सविस्तर कळवावे. सौ. सूनबाईंना पोहे फार छान झाले होते असे सांगावे. शेंगदाण्यांबद्दल मला कल्पना नव्हती. कळल्यापासून दोन दिवस फॅट चुकते आहे.

आपला आज्ञाधारक,
महिपती

*

नवं गावठाण
१९ नोव्हेंबर १९९४

महिपतीला,

पहिल्याच दिवशी म्हैस धरलीस. लई वरचं काम झालं. आता खाली ये.

करंगळीएवढा गळ बोकड टांगायला असतो. तो दुकानदाराला परत कर, न्हायतर घराच्या आढ्याला ठोक, पिशवी अडकवायला हुईल. तुला गव्हाच्या दाण्याएवढा पायजे. त्याला गांडूळ लाव. गांडूळ शेणखताखाली गावंल. सगळा गळ झाकला पायजे आन् बोटभर शेपूट वळवळत राहिलं पायजे. हाताला साबणाचा वास नको. तुमी नोकरीवाली सकाळ-संध्याकाळ साबण लावता. माशाला नाक असतं.

काठी फेकायची न्हाय. हळूच पुढं न्यायची, ताटात भाकरी वाढल्यावाणी. सूर्य तुझ्या तोंडावर पायजे, पाठीवर नको. तुझी सावली पाण्यात पडली की मासा म्हणतो, आला येडा, चला.

थंडीचं मासं उन्हं वर आल्याबिगर तोंड उघडत न्हाईत. नऊच्या आधी जाऊन उगं गारठू नको.

आन् एकाच जागी बस. रोज जमत न्हाय तर शनवार-रविवार तितंच मूठभर भिजवलेली पेंड टाक. माशाला ती जागा घरची वाटायला लागली पायजे.

सगळ्यात मोठी गोष्ट. गप बसायचं. तू आमच्या घरी दीड तास व्हतास, त्यात आबाजीराव दोनदा बोललं, दादासो तीनदा. बाकीचा येळ कोण बोलत व्हतं त्याचा इचार कर.

साखरबाई

*

बारामती
२८ नोव्हेंबर १९९४

तीर्थरूप आजींना नमस्कार.

आनंदाची बातमी! काल मासा मिळाला!

आपण सांगितले तसेच केले. साबण दोन दिवस लावला नाही. डेअरीतले लोक लांब उभे राहिले, पण मी डगमगलो नाही. सूर्य तोंडावर घेतला. गांडूळ लावले. साधारण साडेदहाला पिसाची दांडी सपकन बुडाली, मी काठी उचलली आणि पाहतो तो काय, कटला! दोन किलोचा! मोठे डोके, रुपेरी अंग, तोंड वरच्या बाजूला उघडणारे. आणि काय देखणा! मानेभोवती एक नाजूक रेघ होती, जणू गळ्यात सरी घातली आहे. अंगावर ठिकठिकाणी बारीक चौकटी उमटलेल्या, लुगड्यावर असतात तशा. असा नक्षीदार मासा मी जन्मात पाहिला नव्हता.

मित्राच्या आईने कालवण केले. आपली फार आठवण झाली. आता आठ जानेवारीची वाट कशाला पहायची असे वाटते, पण आपली इच्छा.

आपला,
महिपती

*

नवं गावठाण
२ डिसेंबर १९९४

महिपती,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा सुनेला मोठ्यानं वाचून दाखवलं, तिच्या हातातलं पीठ सांडलं.

कटला गांडूळ खात न्हाय. तो पाण्यात वरच्या वर तोंड उघडून फिरतो आन् डोळ्याला दिसत न्हाय असलं काय काय खातो. तुझ्या गांडुळाकडं तो बघणार पण न्हाय. ही एक गोष्ट.

दुसरी. त्या बिचाऱ्याच्या गळ्यातली ती सरी न्हाय, लेका. जाळ्याचा वळ हाय तो. मासा जाळ्यात मुंडकं घालतो, कल्ल्यापाशी अडकतो, रातभर झटापट करतो. तवा मानेला वळ पडतो आन् अंगावर चौकटी उमटतात. गळाच्या माशाच्या ओठाला भोक असतं, बाकी अंग कोरं. तुझा कटला शिर्सुफळला न्हाय, भिगवणच्या बाजारात पाटीत गावलाय. आन् विकणारीनं तो तुझ्याकडं तोंड करून ठेवला असणार, म्हणून तोंडाचं इतकं बारीक वर्णन आलंय.

खोटं बोललास ह्याचा मला राग न्हाय. खोटं बोलताना माल तपासला न्हाईस, ह्याचा हाय. दुधातलं पाणी कसं काढतोस रं तू?

हे पत्र दादासोला दाखवलं असतं तर आजच सोयरीक मोडली असती. दाखवलं न्हाय. सुनेला शपथ घातली. पण हे एकदाच.

आता असं कर. तू वापरतोस तो गळ तंगुसाच्या तुकड्यासकट पाकिटात घालून पाठव. कसा बांधतोस ते मला बघायचंय. टोकाला बुचाचा तुकडा खोच. आमचा पोस्टमन गरीब माणूस हाय.

साखरबाई

*

बारामती
१२ डिसेंबर १९९४

तीर्थरूप आजींना नमस्कार.

चुकलो. पुन्हा होणार नाही.

आज्ञेप्रमाणे गळ पाठवत आहे. काल शिर्सुफळच्या तळ्यातून तीन चिलापी बाहेर आल्या. एक चार बोटे रुंद होती. ओठाला भोक, अंग कोरे. मी तपासले.

आपला,
महिपती

*

नवं गावठाण
१७ डिसेंबर १९९४

प्रतिक्षा,

टायपिंग शिकायला तुला बारामतीला आत्याकडं ठेवलंय, पण हे पत्र आत्याला दाखवू नको. सिंधुबाईला गोष्ट कळली की बारामतीला कळली.

महिपतीचं पत्र आलं. चार ओळींचं. ह्या पोराला पत्ता लिवायला चार ओळी लागतात, तवाच मला वास आला. "चिलापी बाहेर आल्या" म्हणतो. कुणी बाहेर काढल्या ते लिवत न्हाय. आपल्या आपण चालत आल्या असतील.

पण तेही सोड. पाकिटातला गळ मी उन्हात धरून बघितला. तंगुसाचे पाच वेढे, मग शेपूट आतनं, मग उलटा एक वेढा. ही कोकराच्या पायाला दावं बांधायची गाठ हाय. आपली मेंढरं व्हती तवा माझी सासू बांधायची. मेंढरं गेली, धरणाचं पाणी आलं, मी तीच गाठ गळाला बांधायला लागले. ओढली का बसती, मासा कितीबी फिरू दे. दुकानदाराला येत न्हाय, भिगवणच्या मासेवाल्यांना येत न्हाय, तुझ्या बापाला शिकवली तर त्यानं बोट बांधून घेतलं. जगात ही गाठ दोघींना येती. एक मी. मी तर शिर्सुफळला गेले न्हाय.

टायपिंगचा क्लास रविवारचा कवापास्नं भरायला लागला?

सोयरीक ठरली न्हाय आन् तळ्यावर जाऊन बसती. कुणी बघितलं तर तुझा बाप दोघांना पाण्यात घालंल. काय ते सरळ लिव.

आजी

*

बारामती
२२ डिसेंबर १९९४

आजीला, पाया पडते.

आत्याचा चष्मा दुरुस्तीला टाकलाय, म्हणून पत्र मीच वाचलं.

होय, गाठ माझी आहे. मी दोन रविवार गेले. एकटी नाही, क्लासमधली सारजा बरोबर होती, तिचं गाव शिर्सुफळच आहे. तुमच्या पत्रांचं आईकडून कळलं होतं, म्हणून पहिल्यांदा गेले ती बघायला, हा माणूस खरंच बसतो का नुसता पत्रात बसतो. आम्ही झुडपाआड उभ्या राहिलो. तो बसला होता. सूर्य तोंडावर, साबणाचा वास नाही, सगळं तू सांगितल्यासारखं. फक्त तोंड चालू होतं. पाण्याकडं बघून म्हणत होता, "ये की बाबा, माझं लगीन अडलंय. तुझं काय जातंय?"

मला हसू आवरलं नाही. तो उठून उभा राहिला आणि पाय घसरून बसला. मी म्हटलं, काठी इकडं द्या. त्यानं दिली. आजी, तो रुसला नाही गं. डेअरीची वही काढून लिहून घ्यायला लागला. गाठ सतरा वेळा बांधून घेतली मी, सतरा वेळा सुटली. अठराव्या वेळी मीच बांधली, तीच तुला पाठवली. तुला कळणार नाही असं त्याला वाटलं. मला माहीत होतं तुला कळेल. तरी मी थांबवलं नाही. मला वाटलं, कळलेलं बरं.

त्या तीन चिलापी माझ्या. त्याला अजून एकही लागली नाही. आठ तारखेला लागेल असं मला वाटत नाही.

मला आतापर्यंत पाच जणांनी बघितलं. एकानं चालायला लावलं, एकानं वाचायला लावलं, एकाच्या आईनं केस ओढून बघितले. मला हा पाहिजे. माझं लग्न एका चिलापीच्या तोंडावर टांगून ठेवलंयस तू. तिला भूक नसली तर मी काय करायचं?

तुझीच नात,
प्रतिक्षा

*

नवं गावठाण
२७ डिसेंबर १९९४

महिपती,

गळ मिळाला. गाठ चांगली हाय. जिनं बांधली तिला सांग, उलटा वेढा आजून घट्ट पायजे.

आता घाबरू नको आन् पत्रातनं पाया पडू नको. ठरलंय ते ठरलंय, आठ तारखेला ये. गांडूळ तू आणायचं, गाठ तू बांधायची, माझ्यासमोर. प्रतिक्षा संक्रांतीच्या सणाला म्हणून घरी येईल, पण पाण्यावर येणार न्हाय. सैपाकघरात बसंल. काठावर दादासो आसंल, भावकी आसंल, शेजारची कुशाबाई तर आसंलच. ती मयतीला आन् मासेमारीला कधी चुकली न्हाय.

चुलत्याला आणायची गरज न्हाय. त्यांची ऊसतोड चाललीया म्हणं. काय हुईल ते मी कळवीन.

आन् गप बस. तोंडात बडीशेप धर.

साखरबाई

*

नवं गावठाण
१० जानेवारी १९९५

सणसरच्या आबाजीरावांना साखरबाईचा रामराम.

तुमचा पुतण्या परवा हितं आला व्हता. त्यानं तुमाला काय सांगितलं आसंल ते आसंल. मी घडलं तसं लिवते.

आठला पाच मिनिटं कमी असताना आला. गाठ बांधायला बसला. सहाव्या खेपेला बसली, मी ओढून बघितली, बरी व्हती. गांडूळ नीट लावलं. काठी भाकरी वाढल्यावाणी पुढं नेली. जागा पण चांगली धरली. मग बसला. आबाजीराव, पाच तास तो माणूस बोलला न्हाय. दोन्ही गाल बडीशेपेनं फुगलेलं. मधीच डोळ्याला पाणी यायचं. मला भीती वाटली, ह्याला काय हुतंय का काय.

अकराला दांडी बुडाली. खरंच बुडाली, मी बघितली. हळू उचलायचं तर ह्यानं दोन्ही हातानं असा हिसका मारला की मासा पाण्यात राहिला आन् गळ मागच्या बाभळीवर. कुशाबाई म्हणाली, "साखरबाई, तुझा नातजावई चिमण्या धरतोय बघ." सगळा काठ हसला. बाभळीवर चढून गळ काढून आणला आन् परत बसला.

एक वाजला. मी म्हटलं, "ऊठ. झालं."

उठला. बडीशेप थुकली. मला वाटलं, आता म्हणंल येळ वाढवून द्या, न्हायतर म्हणंल तुमचं पाणीच वाईट. तो दादासोला म्हणाला, "मामा, मला जमलं नाही. ते सगळ्यांनी बघितलं. आता जमतं कसं तेही बघून जाऊ दे लोकांना. प्रतिक्षाला बोलवा."

दादासो म्हणाला, "तिला कशाला? चार लोकांत बरं दिसतं का?"

"मामा, चार लोकांनी माझी फजिती बघितली, ते बरं दिसलं का?"

दादासोनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, बोलव.

पोरगी पिठाच्या हातानं आली. हात पाण्यात खळबळले, गांडूळ काढून टाकलं, काठच्या गवतातली बारकी बेडकी धरून गळाला लावली आन् लव्हाळ्याच्या कडंला सोडली. अर्ध्या तासात मरळ. माझ्या कोपरापास्नं बोटापर्यंत लांब. काठीचं पार धनुष्य झालं, पण पोरीनं खेळवत खेळवत कडंला आणली.

आन् मग तुमचा पुतण्या सुटला. पाच तासाचं तुंबलेलं. ती मरळ दोन्ही हातावर घेऊन काठानं पळत गेला. "बघा! प्रतिक्षानं धरली! तिनं एकटीनं! मला पाच तासात जमलं नाही, तिनं अर्ध्या तासात धरली!" कुशाबाईला दोनदा दाखवली. पोस्टमन सायकलवरनं चालला व्हता, त्याला उतरवून दाखवली. हायवेच्या हॉटेलात जाऊन सांगून आला. सांजच्याला दोन ट्रकवालं घर हुडकत आलं, म्हणालं, मरळ धरणाऱ्या बाई हितं राहतात का?

आता मी तुमाला एक सांगते. दादासोला ठाऊक न्हाय आन् तुमी पण बोलू नका. माझं मालक वाईट नव्हतं. मारणारं नव्हतं, पिणारं नव्हतं. पण पाणी आल्यापास्नं बारा वरसं मासं मी धरलं आन् पाटी डोक्यावर घेऊन ते गावात जायचं, म्हणायचं, "आज मला मरळ लागली." एकदा मी शेजारी उभी असताना म्हणालं. नवऱ्याची लाज कशाला काढा, असा इचार केला. तो इचार चुकीचा व्हता असं आता वाटतंय, पण आता सांगायचं कुणाला? ते गेलं.

म्हणून म्हणते. तुमचा पुतण्या फुशारकी मारतो, ते काय जायचं न्हाय. पण पोरीच्या नावानं मारतो. माझं त्याच्याविषयी काय म्हणणं राहिलं न्हाय.

आता अडचण एवढीच की मी शब्द दिला व्हता. मासा न्हाय निघाला तर आमच्या दारात सुपारी फुटणार न्हाय. त्याच्या हातनं मासा निघाला न्हाय. शब्द फिरवायला मी काय पुढारी न्हाय. तवा आमच्या दारात सुपारी फुटणार न्हाय.

सणसरला तुमच्या दारात फोडू. रीत न्हाय, मला ठाऊक हाय. भावकीनं इचारलं तर सांगा, म्हातारी हट्टी हाय. ते खोटं पडणार न्हाय.

माघातला तुमाला सोयीचा रविवार कळवा. ऊसतोड उरकून घ्या. आमी दहा-बारा माणसं येऊ, जेवण गोडाचं ठेवा, लई घोळ घालू नका. पाट मांडताना तेवढं एक बघा, महिपतीला माझ्या शेजारी बसवू नका. त्याचं अजून अर्धं बोलायचं राहिलंय.

साखरबाई